पेटीच्या तोंडाशी

घरात लाईट आली म्हणजे काय काय आलं, असं विचारलं तर माणसं मीटर सांगतात, बोर्ड सांगतात, पंखा आणि टीव्ही सांगतात. वायर पेटीत जिथून शिरते त्या भोकाचं नाव कुणी काढत नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या घरांमध्ये मात्र विजेचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. भिंतीवरून सरळ गेलेली वायर सहसा धड असते. मीटरच्या पेटीत, स्विचबोर्डात किंवा पंपाच्या स्टार्टरमध्ये ती जिथे वळून आत जाते, तिथे तिचं वेष्टण चिरतं, मुंगळे शिरतात, पाणी झिरपतं आणि एखाद्या पावसाळी रात्री पत्र्याला करंट उतरतो. त्या भोकात बसवायची वस्तू दहा-पंधरा रुपयांना मिळते. प्रकाराप्रमाणे दुकानात तिला ग्लँड म्हणतात, बुश म्हणतात किंवा ग्रोमेट. वायरला घट्ट धरून ठेवायचं, पेटीची धार तिला लागू द्यायची नाही आणि उरलेली फट बुजवायची, एवढंच तिचं काम. इतक्या स्वस्त वस्तूचा वंश वाफेच्या इंजिनापर्यंत आणि गॅसच्या नळांपर्यंत मागे जातो. ती आपल्या भिंतींवर कशी आली आणि मध्येच कुठे गळली, हे शोधण्यासाठी हा मागोवा.

या पट्ट्यात वीज आधी डोक्यावरून गेली, घरात फार उशिरा शिरली. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि तिथली वीज थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९३० च्या सुमारास जीआयपी रेल्वेने कल्याण-इगतपुरी मार्ग विजेवर आणला. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून विजेची इंजिनं धावू लागली; रुळांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पाड्यांत तेव्हा रॉकेलची चिमणी होती, आणि पुढे कित्येक वर्षं तीच राहिली. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हुतात्मा झाले. मुंबईच्या गिरण्यांचं बळ या तारांतून जातं हे दस्त्यातल्या डोंगरपट्टीच्या पोरांनी नेमकं हेरलं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरांत मात्र त्या विजेचा एक दिवाही नव्हता. पुढे शहापूरच्या शेजारी भिवंडी तालुक्यात पडघ्याचं मोठं उपकेंद्र झालं. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर अंतर तोडून ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पोचली. तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. एवढी प्रचंड वीज या मुलखातून जाते आणि घरात शिरताना ती दोन सुतांच्या भोकातून जाते. माझं लक्ष आहे ते त्या भोकावर.

मुंबईने विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. तो लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. त्याच मार्केटला लागून असलेली लोहार चाळ आज विजेच्या सामानाची पेठ आहे, आणि शहापूर-मुरबाडच्या दुकानांत येणारा पुष्कळ माल तिथूनच कल्याणमार्गे येतो. त्याच १८८२ साली लंडनमध्ये दोन नियमावल्या निघाल्या. एक फिनिक्स फायर ऑफिस या आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीची, मस्ग्रेव्ह हीफी यांनी लिहिलेली. दुसरी तार-अभियंत्यांच्या संस्थेची. घरातली वायरिंग कशी असावी हे सांगण्याची घाई विमेवाल्यांना झाली, कारण घर जळलं की पैसे त्यांनाच भरावे लागत. अमेरिकेतही तसंच घडलं. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या रोषणाईची तपासणी करायला आलेल्या विल्यम मेरिल यांनी विमा कंपन्यांच्या पाठबळावर १८९४ मध्ये प्रयोगशाळा उभी केली आणि १८९७ मध्ये तिकडची पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता निघाली. वायरच्या पकडीचा पहिला आग्रह धरला तो पैशाच्या धास्तीने, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या पाड्यांत घराचा विमा नसतो. त्यामुळे तो आग्रह धरणारा माणूसही नसतो.

या पकडीचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे गाठ, आणि ती आजही आपल्याकडे जिवंत आहे. छताला लोंबणाऱ्या बल्बचा होल्डर उघडून पाहा. वायरच्या दोन तारा टोपीच्या भोकातून आत येतात. चांगला वायरमन त्या स्क्रूला लावण्याआधी उलगडतो, एकीचा फास करून दुसरी त्यातून ओवतो आणि ओढून घेतो. तयार झालेली गाठ टोपीच्या भोकापेक्षा जाड असते. होल्डरचं आणि बल्बचं वजन त्या गाठीवर येतं, स्क्रूखाली दाबलेल्या तांब्याच्या केसांवर येत नाही. वर सीलिंग रोजमध्येही तशीच गाठ असते. या गाठीला विमेवाल्यांचंच नाव पडलेलं आहे. तिला सामान लागत नाही, खर्च येत नाही, फक्त पाऊण वीत जास्त वायर आणि अर्धं मिनिट लागतं. आढ्याला एकच बल्ब टांगलेल्या घरात एवढी गाठ नीट असली, तर निम्मी काळजी मिटते. आता होल्डर वायरीसकट तयार मिळतो किंवा बल्ब भिंतीवरच्या पट्टीवर बसतो, त्यामुळे नव्या पोरांच्या हातातून ही गाठ सुटत चालली आहे.

दुसरी शाखा आली गॅसच्या नळांतून. विजेच्या आधी युरोप-अमेरिकेतल्या शहरांत घरोघर गॅसचे दिवे होते आणि भिंतींतून लोखंडी नळ्या फिरवलेल्या होत्या. वीज आली तेव्हा तारा त्या नळ्यांतून ओढून पाहिल्या, मग खास तारांसाठी तशाच नळ्या केल्या, त्यांना पेट्या जोडल्या. कापलेल्या लोखंडी नळीचं तोंड सुरीसारखं धारदार असतं. तार ओढताना तिथेच सोलते. म्हणून नळी पेटीत शिरली की बाहेरून आणि आतून नट आवळायचा आणि नळीच्या तोंडावर गोल कडेची पितळी किंवा इन्सुलेशनची बुश चढवायची, ही रीत पडली. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत, रेल्वेच्या कार्यशाळांत आणि पुढे मुरबाडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये हे काम तुम्हाला जागोजागी दिसेल. घरगुती वायरिंगमध्ये ते फार थोडं उतरलं. भिंतीतून वायर आत घेताना चिनीमातीची नळी बसवायची पद्धत मात्र जुन्या बंगल्यांत, शाळांत आणि सरकारी विश्रामगृहांत होती. पांढरी, गुळगुळीत, बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेली ती नळी बसवणाऱ्याला पाऊस कुठून येतो हे माहीत होतं.

तिसरी शाखा सगळ्यात जुनी, आणि शेतकऱ्याच्या ओळखीची. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडरचं वरचं तोंड बंद होतं आणि त्यातून दांडा वर-खाली व्हायचा. दांडा हलला पाहिजे, पण वाफ निसटता कामा नये. म्हणून दांड्याभोवती एक वाटी ठेवून तिच्यात चरबी लावलेला ताग ठासायचा आणि वरून कडं आवळायचं. काळू किंवा भातसा नदीवर ज्याचा पंप आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळायला लागलं की तो ग्लँड दोरी भरतो आणि दोन बोल्ट आवळतो. वायरच्या ग्लँडमध्ये तीच युक्ती आहे, फक्त दांड्याच्या जागी वायर आणि तागाच्या जागी रबरी कडं. विजेच्या कामात ही युक्ती लवकर रुजली ती जहाजांवर. १८८० साली कोलंबिया या जहाजावर एडिसनचे दिवे लागले, आणि जहाजात एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात तार नेली की तिथून पाणी जाऊ नये ही चिंता आलीच. जहाजावरचा पितळी ग्लँड मग खाणींत आणि कारखान्यांत गेला. नायलॉन १९३५ मध्ये शोधलं गेलं, आणि पुढे त्याचे हलके, न गंजणारे ग्लँड निघाले. आपल्या दुकानात ‘पीजी नऊ द्या, पीजी अकरा द्या’ अशी मागणी होते ती जर्मनीतल्या लोखंडी नळ्यांच्या आट्यांच्या जुन्या मापाने. युरोपने ते माप सोडून मेट्रिक धरलं, पण आपल्या काउंटरवर ते चालूच आहे.

चौथी शाखा पूर्ण सुताराची, आणि शहापूर-मुरबाडच्या घरांत वायरिंग पहिल्यांदा आलं ते याच रूपात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं, ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ मध्ये आलं आणि खांब हळूहळू मुख्य गावांत, मग वाड्यांत शिरले. पहिली वीज घेणारी घरं म्हणजे बाजारपेठेतले वाणी, भाताच्या गिरणीवाले, शाळा, देऊळ आणि गावचे पाटील. तिथे सागवानी पट्टीचं वायरिंग होई, ज्याला सगळे बॅटन म्हणतात. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकायच्या, त्यांवर वार्निश केलेली पट्टी स्क्रूने बसवायची आणि पट्टीवर रबरी आवरणाची वायर कलई केलेल्या पितळी क्लिपांनी आवळायची. भारतीय मानक ७३२ मध्ये क्लिपांमधलं अंतरही ठरवून दिलेलं होतं. आडव्या वायरीला दर १० सेंटिमीटरवर एक, उभ्या वायरीला दर १५ सेंटिमीटरवर. क्लिप पट्टीवर आधी चुकेने ठोकायची आणि मग पट्टी भिंतीवर चढवायची, असा क्रम होता.

मुरबाड तालुक्यात अजून काही जुन्या कौलारू घरांत हे काम शाबूत आहे. त्यातल्या बोर्डाकडे जवळून पाहण्यासारखं असतं. सागवानी पेटी, वर काळी किंवा तपकिरी हायलम शीट आणि बेकेलाइटचे गोल स्विच. पेटीच्या वरच्या कडेला करवतीने खाच पाडलेली असते, नेमकी पट्टीच्या रुंदीची. पट्टी त्या खाचेत अर्धा इंच आत घुसते आणि शेवटची क्लिप पेटीच्या अगदी तोंडाशी असते. वायर पेटीत शिरते ती पट्टीच्या अंगावर निजून, क्लिपेने बांधलेली, चारही बाजूंनी लाकडात. तिला ओढायला जागा नाही, घासायला धार नाही, आणि खाच पट्टीने भरलेली असल्याने पालीला वाट नाही. ग्लँड हा शब्दही त्या सुतार-वायरमनांना ठाऊक नसावा. पण ग्लँडची तिन्ही कामं त्यांच्या खाचेने केली होती, आणि त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे मागितले नाहीत, कारण ते पट्टीच्या कामाचाच भाग होतं.

मग सामान बदललं, आणि एकदम नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी बदललं. तांबं परदेशातून आणावं लागे, म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांत घरगुती वायरीतही ॲल्युमिनियम आलं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि पकड ढिली पडते. वाकवलं की लवकर तुटतं. पेटीच्या तोंडाशी आधार नसला तर अशी वायर हलते आणि आतला जोड तापतो. काळा पडलेला, वितळलेला स्विच पाहून लोक स्विचला शिव्या देतात. दोष पुष्कळदा मोकळ्या सोडलेल्या वायरीचा असतो. रबराची जागा पीव्हीसीने घेतली. पुण्यात १९५८ मध्ये सुरू झालेल्या फिनोलेक्ससारख्या कंपन्यांमुळे पीव्हीसीच्या वायरी गावोगाव पोचल्या आणि त्या खरोखरच अधिक चांगल्या होत्या. रबर वाळून भुगा होतं, पीव्हीसी तसं होत नाही. पण पीव्हीसीला धारदार कड सोसत नाही, आणि चैत्र-वैशाखात पत्र्याखाली सतत तापलं की तेही कडक होत जातं. अशी कडक वायर पत्र्याच्या भोकाच्या कडेवर वाऱ्याने हलत राहिली, तर डब्याचं झाकण पुढे-मागे वाकवून तोडावं तशी एक दिवस तिथेच चिरते.

सागवान महाग झालं आणि बॅटन गेली. तिच्या जागी प्लास्टिकची केसिंग पट्टी आली, स्वस्त, पांढरी, पटकन बसणारी. केसिंग पट्टी बोर्डाच्या आत जात नाही. ती बोर्डाच्या अलीकडे थांबते आणि वायरी उघड्या उडी मारून आत जातात. पुढे घरकुलांच्या आणि सिमेंटच्या घरांत झिरी मारून भिंतीत पाईप पुरायची पद्धत आली. पाईप पेटीत नीट उतरवला तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण गवंड्याने पेटी बसवली आणि वायरमन महिनाभराने आला, तर पाईप भिंतीतच दोन इंच मागे राहतो आणि वायरी ओल्या सिमेंटच्या खडबडीत कडेवरून जातात. स्विच मात्र दर दशकाला सुधारले. बेकेलाइट गेलं, पियानो स्विच आले, मॉड्युलर प्लेटा आल्या. घराचा तो भाग डोळ्यांना दिसतो. मॉड्युलर पेटीला आज बाजूंनी फोडून काढायच्या चकत्या असतात, ज्यांना नॉकआउट म्हणतात. एक भोक लागत असताना तीन चकत्या फोडलेल्या आणि तशाच उघड्या सोडलेल्या पेट्या मी इतक्या घरांत पाहिल्या आहेत की आता ती सवयच झाली आहे असं म्हणावं लागतं.

हे का झालं? वायरमन आळशी झाले असं मला अजिबात वाटत नाही. पहाटेची गाडी धरून कल्याण-उल्हासनगरला जाणारी, कुणाच्या तरी हाताखाली काम शिकलेली ही मुलं मेहनती आहेत, आणि आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेल्यांना नियमही माहीत असतात. मूळ आहे हिशेबात. गावाकडे मजुरी पॉइंटवर ठरते. एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट, एक प्लग म्हणजे एक पॉइंट. घरमालक रात्री बसून पॉइंट मोजतो आणि तेवढे पैसे देतो. वायरीचं तोंड हा पॉइंट नाही. बॅटनच्या काळी ते पट्टीच्या कामात आपोआप येत होतं. पट्टी गेली आणि ते काम कुणाच्याच बिलात उरलं नाही. सरकारी बांधकामाची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत पॉइंट म्हणजे नुसता दिवा आणि स्विच नव्हे. भिंतीतून वायर जाते तिथली बुश लावलेली किंवा चिनीमातीची नळीसुद्धा त्याच पॉइंटमध्ये धरलेली आहे. म्हणजे व्याख्या लिहून ठेवलेली आहे. ती विश्रामगृहापर्यंत आली आणि शेजारच्या पाड्यात गेली नाही.

पाड्यांत वीज गेली ती योजनांतून. केंद्राची कुटीर ज्योती योजना १९८८-८९ ची, गरिबांच्या घरी एक दिवा देणारी. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. त्याच वर्षी मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन, जिच्यात महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड जमाती आहेत. शहापूर-मुरबाडमध्ये कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या कितीतरी वाड्यांना पहिला दिवा या योजनांनीच दिला. हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता ठेवूनच पुढचं लिहितो. या घरांची भिंत कारवीच्या काठ्यांचा कुड असतो, वर शेण-मातीचा गिलावा. मीटर आणि बोर्ड फळीवर बसवून ती फळी कुडाच्या मेढीला ठोकतात. वायर कुडातून आरपार नेतात. पहिल्या पावसात गिलावा पडतो, काठी उघडी होते आणि वायर काठीच्या टोकावर टेकते. जोडाची ठिणगी विटांच्या भिंतीवर काळा डाग पाडून विझते. सुकलेल्या कारवीवर ती विझेलच याची खात्री नाही. पेटी जर सगळीकडून बंद असेल तर ठिणगी पेटीतच मरते. पेटी असते ती मुळात यासाठीच. तिचं तोंड उघडं ठेवलं तर पेटी असून नसल्यासारखी.

पत्र्याच्या घराची भीती निराळी. भिंत पत्र्याची, छप्पर पत्र्याचं, कपडे वाळत घालायची तारही त्याच पत्र्याला बांधलेली. वायर पत्र्याला खिळ्याने पाडलेल्या भोकातून आत येते. खिळ्याने पत्रा फुटला की आतल्या बाजूला कडा चहूकडून दातासारख्या उभ्या राहतात. त्यावर वेष्टण चिरलं की सगळं घर २३० व्होल्टला जोडलं जातं. मग ओली साडी वाळत घालणाऱ्या बाईचा हात तारेला लागतो. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. त्यात शेतातल्या तुटलेल्या तारा आल्या, डीपी आल्या, आणि अशी घरंही आली. धक्का बसताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर अशा घरात क्वचितच असतो. म्हणून भोकातली ती रबरी चकती तिथे आणखी मोलाची होते.

कायदा याबाबत मुका नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून परवानाधारक ठेकेदाराकडूनच वायरिंग करून घेण्याचं बंधन आहे. त्यांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि मग २०२३ च्या विनियमांनी घेतली. नवं कनेक्शन मागताना टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. पण टेस्ट रिपोर्ट ज्या दिवशी लिहिला त्या दिवशीची वायरिंग सांगतो. नव्या वायरीचं इन्सुलेशन त्या दिवशी मेगरवर उत्तम येणारच. चिरायला तिला दोन-तीन पावसाळे लागतात.

आता ती वस्तू हातात घेऊन पाहू. साध्या नायलॉन ग्लँडचे भाग मोजके. आटे पाडलेला मधला भाग, पेटीच्या आतून लावायचा नट, नरम रबराचं कडं, त्याभोवती बोटांसारख्या पाकळ्या आणि वरची घुमटाकार टोपी. मधला भाग पेटीच्या भोकात घालायचा आणि आतून नट आवळायचा. वायर टोपीतून ओवून आत घ्यायची. वायरचं बाहेरचं जाड आवरण ग्लँडच्या पार, पेटीच्या आत बोटाच्या पेराएवढं गेलं पाहिजे, मगच सोलायचं. पुष्कळ जण आवरण बाहेरच सोलतात आणि ग्लँड मग आतल्या बारीक तारांना नुसता गोंजारतो, धरत नाही. टोपी आवळली की पाकळ्या मिटतात, कडं दबतं आणि वायरभोवती घट्ट बसतं. वायर हाताने ओढून पाहायची. सरकली तर ग्लँड मोठा झाला, एक माप खाली या. पक्कडीने जीव खाऊन आवळायचं नाही, कारण त्याने वेष्टणच चेपतं. एका ग्लँडमधून एकच गोल वायर. दोन-तीन सुट्या वायरी एकत्र कोंबल्या तर त्यांच्या मधल्या फटीतून पाणी आणि मुंग्या खुशाल जातात. पत्र्याच्या भोकाला ग्लँड परवडत नसेल तर रबरी ग्रोमेट घालावा, आणि तोही नसेल तर पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा भोकात बसवून त्यातून वायर न्यावी. काहीच नसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

तोंड कोणत्या बाजूला ठेवायचं याचंही शास्त्र आहे, आणि इथल्या पावसात ते विसरून चालत नाही. शहापूर-मुरबाडला चार महिन्यांत साधारण अडीच मीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी तो आडवा येतो. बाहेरच्या पेटीत वायर वरून घेतली तर पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत सरळ आत उतरतं, मग ग्लँड कितीही चांगला असो. वायर खालून घ्यावी. खांबावरून आलेल्या सर्व्हिस वायरला घरात शिरण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या बुडाशी येऊन टपकतं. पाईपचं बेंड खाली तोंड करून बसवावं. पेटीपासून फुटाच्या आत वायर किंवा पाईप एका सॅडलने भिंतीला बांधावा, म्हणजे वाऱ्याची ओढ तोंडापर्यंत पोचतच नाही. जुन्या लाइनमनांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी बसवलेल्या सर्व्हिस लाइनींचे झोल काही घरांवर आजही तसेच आहेत, मीटर तीनदा बदलले तरी.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. वासिंद-आसनगावला इमारती उठताहेत, मुरबाडच्या रस्त्याला फार्महाउसं. तिथल्या वायरिंगवर मुंबईचे ठेकेदार आणि सोसायट्यांची नजर असते. माझी काळजी जुन्या वाड्यांची, घरकुलांची आणि पत्र्याच्या खोल्यांची आहे, जिथे वायरिंग एकदाच होतं आणि मग ते घर पडेपर्यंत चालवलं जातं. योजनांच्या किटमध्ये दिवा असतो, मीटर असतं. त्यात दोन ग्लँड आणि एक ग्रोमेट घालायला खर्च नगण्य आहे, आणि ते घातलेच पाहिजेत.

तोवर हे आपल्याला घरच्या घरी करता येईल. मृगाच्या आधी एक सकाळ काढा आणि मीटरपासून पंपघरापर्यंत प्रत्येक पेटीचं तोंड लांबून, हात न लावता, डोळ्यांनी पाहा. जिथे वायर मोकळी लोंबते, पत्र्याच्या कडेवर टेकते किंवा भोक उघडं दिसतं तिथे खडूने खूण करा. मेन बंद करून उघडण्याचं काम मात्र परवान्याच्या वायरमनला बोलावूनच करून घ्या. आणि नवीन काम द्याल तेव्हा पॉइंटचा दर ठरवतानाच विचारा, वायरीच्या तोंडाची पकड त्यात धरली आहे का. नसेल तर तिचे पैसे वेगळे द्या.